सासऱ्याची कृपा

आमच्या दादांच्या राजदूतच्या टाकीवर पिवळ्या अक्षरांत 'सासऱ्याची कृपा' लिहिलंय. लोक आईवडिलांची लिहितात, बिरोबाची लिहितात. दादांनी सासऱ्याची लिहिली, कारण गाडीचे निम्मे पैसे आईच्या वडिलांनी म्हैस विकून दिले होते. त्या वेळी आईनं म्हणे महिनाभर अबोला धरला होता. हे सांगताना ती हसत असते, म्हणून कितपत खरं कोण जाणे.

दादा गाडीला किटल्या अडकवून दूध घालायचे आणि मधल्या वेळात पाट्या रंगवायचे. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार त्यांचेच, सोसायटीची पाटीही त्यांचीच. ते गेले. सुविचारांवर डिस्टेंपर बसला, सोसायटीला फ्लेक्स आला. त्यांच्या हातचं अक्षर आता गावात एवढ्या टाकीवरच उरलंय. त्यालाही पेट्रोल लागलं. झाकणातून पाझरणारा थेंब ओघळत येऊन 'सा'चं डोकं खात चाललेला.

तालुक्याच्या पेंटरला टाकी दाखवली. त्यानं नखानं अक्षर टोकरलं.

"पेट्रोल सोसायचं तर हार्डनरवालं क्लिअरच पायजे. डबीतला साधा स्प्रे पेट्रोलनं चिकट हुतो. पण खाली ऑइलपेंट हाय. थिनर लागला की उचलतंय. सायीगत सुरकुत्या पडतील. त्यापरीस सगळं घासू, वरनं नवं स्टिकर मारू."

स्टिकर म्हटल्यावर मी टाकी उचलली आणि घरी आणली.

मी बँकेत कारकुनी केलेला माणूस. स्प्रेची गन कधी हातात धरली नव्हती. पण पेंटर मनानं चांगला, त्यानं बारकावे सांगितले. जुना ऑइलपेंट कडक झालेला असतो, तो ताज्याइतका लवकर उचलत नाही. तरी पहिला हात नुसता धुक्यासारखा मारायचा, ओला करायचा नाही. आधी न दिसणाऱ्या जागी बघायचं. अशी जागा होती. टाकीचा जो भाग सीटखाली झाकतो, तिथं दादांनी ब्रश पुसून बघितला होता. त्याच डब्यातला पिवळा रंग, चार फराटे.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत बसतं. तोंडाला उपरणं बांधून भागत नाही. कार्बनची डबडी असलेला मास्क आणला. रोज हाच धंदा करणाऱ्याला तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, पण आपल्याकडची पोरं रुमालावरच दिवस काढतात. ते बघवत नाही.

माघातला दिवस धरला. दव वाळल्यावर आणि वारं सुटायच्या आत, म्हणजे दहाच्या सुमारास. टाकी पेट्रोल काढून आठवडाभर उघडी ठेवली होती. म्हशी ओढ्याला, पोरं मळ्यात. चूल विझवायला सांगितली तेव्हा आई म्हणाली, "एका टाकीपायी चुलीवर पानी?" धूळ बसावी म्हणून शेडात सडा टाकला. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर भाड्यानं आणला. नळीत पाणी धरणारी बाटली आहे ना, एवढं बघून घेतलं. हवेबरोबर पाण्याचा थेंब गेला की क्लिअरमध्ये फोड येतात.

डब्यावर दोनास एक लिहिलेलं. शंभर मिली क्लिअर, पन्नास मिली हार्डनर. सीटखालच्या फराट्यांवर धुकं मारलं, पंधरा मिनिटं थांबून ओला हात दिला, आणि जेवणवेळेपर्यंत तिथंच बसलो. सुरकुती नाही. नवं क्लिअर कालवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला अक्षरांवर आलो.

गन वीतभर लांब ठेवायची, मनगट फिरवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. हात रेंगाळला तर ओघळ, घाई केली तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पत्रा. धुक्याचा हात झाला. दुसरा, ओला, 'सासऱ्याची'वरून गेला तेव्हा पिवळा रंग एकदम ओल्या हळदीसारखा उजळला. मी श्वास धरून 'ऱ्या'कडे बघत होतो. अक्षर हललं नाही. तेवढ्यात एक चिलट येऊन 'कृ'च्या पोटात बसलं. ओल्यात बोट घालायचं नसतं. राहिलं.

पेंटरचं म्हणणं, आणखी दोन हात द्या, दोन हजार नंबरच्या पेपरनं पाण्यात घासा, कंपाउंड मारा, आरसा होईल. अक्षराची कडच हाताला लागणार नाही. नेमकं तेच मला नको होतं. आईला मोतीबिंदू आहे. टाकी बसवल्यावर तिनं अक्षरांवर बोट फिरवलं, एकेक उंचवटा लागतोय का बघत. 'कृ'शी थांबली.

"हितं काय?"

"चिलट."

"आसू दे," म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली.