हरवलेली हेडर फाइल

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती जरा चाचरतच म्हणाली, "मामा, तुमच्या मागच्या लेखात 'दिर्घ' असं पडलंय. दोनदा."

तेहतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. 'दीर्घ' हा शब्दच ऱ्हस्व लिहिणाऱ्या पोरांची भर वर्गात किती वेळा थट्टा केली असेल, त्याची गणती नाही. एकदा पडलं असतं तर बोट घसरलं म्हणता आलं असतं. दोनदा पडलं म्हणजे ते बोटाचं काम नव्हे. खरं सांगायचं तर हल्ली असं होतं. शब्द समोर असतो, आणि पहिली वेलांटी की दुसरी, हेच क्षणभर आठवत नाही. घरात हे कुणाला बोललो नव्हतो. आता सगळ्यांनाच सांगून बसलोय. असो!

मी लिहितो ते ईमॅक्समध्ये. ही धाकट्याची देणगी, हे आमच्या नात्यातल्या मंडळींना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो, ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा एक जुना प्रोग्रॅम आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची जीएनयू आवृत्ती १९८५ साली लोकांसाठी खुली केली, म्हणजे मी ऐन उमेदीत खडू झिजवत होतो तेव्हा. मी निवृत्त झाल्यावर धाकट्याने तो माझ्या संगणकावर बसवून दिला, आणि पुढे त्यात जिंक्स नावाचा शुद्धलेखन तपासनीसही जोडला. चुकलेल्या शब्दाखाली नागमोडी रेघ यायची. २०२४ च्या पावसाळ्यात धाकटा गेला. जुना संगणकही नंतर फार टिकला नाही. मग पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत येऊन नवा आणला, त्यावर उबुंटू घातलं आणि बाबांनी केलेल्या सेटिंग्ज जशाच्या तशा उतरवून दिल्या.

तेव्हापासून रेघा येत नव्हत्या. आणि मंडळी, हसू नका, पण आपलं लिहिणं सुधारलं अशी माझी समजूत झाली होती! रोज सकाळी ईमॅक्स उघडलं की खाली एक इंग्रजी मजकुराची खिडकी यायची. ती मी न वाचता बंद करत होतो.

भाचीचा फोन झाल्यावर ती खिडकी वाचली. त्यात लिहिलं होतं, 'फेटल एरर: एन्चँट डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

वाचलं आणि पुतण्याला फोन लावला. म्हणालो, "तुझ्या बाबांनी सगळं चालू ठेवलं होतं, तू बंद पाडलंस." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मी विंडोजवाला. मला यातलं नाही कळत. बाबांच्या सगळ्या फाइली मात्र मी मोजून उतरवल्या होत्या." फोन ठेवला तेव्हा आमची ही शेजारीच होती. काही बोलली नाही, पण उठून आत गेली.

मग स्वतःच शोधायला बसलो. तीन दिवस गेले.

समजलं ते असं. ईमॅक्सला बाहेरून सी भाषेतले जोड देता येतात, ही सोय २०१६ च्या पंचविसाव्या आवृत्तीपासून आहे. जिंक्सचा एक तुकडा तसाच सी भाषेत आहे आणि तो आपल्या संगणकावरच कंपाइल करावा लागतो. स्वतः शब्द तपासण्याचं काम जिंक्स करत नाही, ते एन्चँट नावाच्या लायब्ररीवर सोपवतं. पण त्या लायब्ररीत कोणकोणती कामं होतात, त्यांची नावं काय, त्यांना काय द्यायचं आणि ती काय परत देतात, हे कंपायलरला आधी कळावं लागतं. ती यादी म्हणजे हेडर फाइल, शेपटीला 'डॉट एच' असलेली. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. मजकूर तिच्यात नसतो, पण मजकुराकडे कसं जायचं ते असतं.

ईमॅक्सची स्वतःचीही अशी एक हेडर फाइल लागते. ती जिंक्सने आपल्या फोल्डरमध्ये सोबतच ठेवलेली असते, त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

मी एन्चँट शोधलं, तर लायब्ररी जागेवर होती! इतर प्रोग्रॅमना लागते म्हणून ती आधीपासूनच आलेली. मला वाटलं, हा कंपायलर खोटं बोलतोय. मग शहाणपणा केला. इंटरनेटवरून एन्चँट डॉट एच उतरवून घेतली आणि जिंक्सच्या फोल्डरमध्ये टाकली. आधीची तक्रार गेली आणि नवी आली, आता लिंकरला लायब्ररीच सापडेना. वर्गात एका पोराला गप्प बसवावं तर मागच्या बाकावरचा सुरू होतो, तसं झालं.

घोळ असा होता. उबुंटूमध्ये एका लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एक नुसती वापरणाऱ्यांसाठी, दुसरं तिच्या आधाराने काही नवं कंपाइल करणाऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या नावापुढे 'डेव्ह' लागतं. हेडर फाइल त्या डेव्हमध्ये असते. लिंकर ज्या साध्या नावाने लायब्ररी शोधतो, ते नाव लावणारी छोटी जोडफाइलही त्यातच असते. माझ्याकडे पहिलं पॅकेज होतं, दुसरं नव्हतं.

आणि ते आलं तरी हेडर थेट 'यूएसआर'मधल्या 'इन्क्लूड' फोल्डरमध्ये पडत नाही, त्याच्या आतल्या 'एन्चँट-टू' या फोल्डरात जाते. कंपायलर ठरलेल्या चारदोन ठिकाणीच पाहतो, आतली फोल्डरं आपणहून धुंडाळत नाही. 'इथेही बघ' असं त्याला 'वजा मोठा आय' लावून सांगावं लागतं. ते आपण पाठ करायचं नसतं. पीकेजी-कॉन्फिग नावाचा एक निरोप्या आहे, त्याला लायब्ररीचं नाव सांगितलं की तो पत्ता देतो. पण त्याची पत्त्याची चिठ्ठीही डेव्हमध्येच येते!

हे सगळं कळलं ते तिसऱ्या रात्री, आणि कळलं कुठे म्हणाल तर धाकट्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये. ती फाइल इतक्या दिवसांत मी कधी उघडलीच नव्हती, तिच्यात माझ्यासाठी काही असेल असं वाटलंच नाही. जिंक्सच्या ओळीच्या वर दोन अर्धविरामांपुढे त्याने लिहून ठेवलं होतं. अर्धविरामापुढचं ईमॅक्स वाचत नाही, ते माणसांसाठी असतं.

"दादा, नविन मशीन घेतलंस तर आधी लिब-एन्चँट-टू-डेव्ह टाकून घे. नाहीतर हे कंपाइल होणार नाही आणि तू मला फोन करशील."

मी बराच वेळ तसाच बसलो होतो. मग टर्मिनल उघडून ते पॅकेज टाकलं. मी घुसवलेली हेडर आठवणीने काढून टाकली, कारण जिंक्स आधी स्वतःच्या फोल्डरात पाहतं आणि तीच उपरी फाइल उचललं असतं. ईमॅक्स पुन्हा सुरू केलं. खालची खिडकी आली नाही. मागचा लेख उघडला, तर दोन्ही 'दिर्घ'खाली रेघा. शिवाय आणखी चार ठिकाणी. ती भाचीला दिसली नव्हती की तिने सांगितली नव्हती, विचारलं नाही.

सकाळी पुतण्याला फोन केला. म्हटलं, तुझी काही चूक नव्हती रे. तू बाबांच्या फाइली उतरवल्यास त्या बरोबरच होत्या, जे राहिलं ते त्या फाइलींत नव्हतंच, जुन्या संगणकाच्या पोटात होतं. मी उगाच बोललो. "असू दे हो काका," म्हणाला. मग मी त्याला ती ओळ वाचून दाखवली. तो पुन्हा गप्प झाला, पण या वेळी गप्प बसणं वेगळं होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या ओळीचा फोटो पाठवता?"

फोटो काढायला फाइल उघडली. जिंक्स आता अर्धविरामांपुढचं लिहिलेलंही तपासतं. 'नविन'खाली नागमोडी रेघ आली होती. लहानपणी याच शब्दावरून मी त्याला पाटीवर दहादा लिहायला लावलं होतं.

तशीच ठेवली, आणि तसाच फोटो पाठवला.