आय-ट्वेंटीची झेरॉक्स

२०१० च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला ॲरिझोनातल्या टेंपीला पोचले, तेव्हा सीनियर्सनी दोन गोष्टी आधी सांगितल्या. दुपारी पार्किंगमधल्या गाडीच्या स्टिअरिंगला एकदम हात लावायचा नाही, आणि आय-ट्वेंटीची झेरॉक्स कायम जवळ ठेवायची. त्याच एप्रिलमध्ये तिथे एसबी १०७० नावाचा कायदा झाला होता. कुणाबद्दल संशय आला, की पोलीस कागद मागणार. त्यातली महत्त्वाची कलमं सुझन बोल्टन नावाच्या न्यायाधीशांनी जुलैमध्ये अडवली होती. पण सीनियर्सचा कोर्टापेक्षा झेरॉक्सवर विश्वास जास्त.

मी पोलिसाची मुलगी. अप्पा हवालदार म्हणून रिटायर झाले, मी साताऱ्याच्या पोलीस लाइनीत वाढले. खाकी दिसली की मला आजही जरा निवांत वाटतं. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

दुसऱ्या वर्षी एका रात्री लॅबमधल्या मैत्रिणीला घरी सोडायला निघाले होते. गाडीचा मागचा एक दिवा गेला होता, एका पोलिसाने थांबवलं. माझं लायसन्स बघितलं. मग टॉर्च तिच्याकडे वळवून विचारलं, कुठली तू? ती म्हणाली, मेसाची. मेसा तिथून पंधरा मिनिटांवर. तिचे आजोबा मेक्सिकोतून आलेले, ती मात्र मेसातच जन्मलेली. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने पर्समधून पासपोर्ट काढला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरी जाताना, पासपोर्ट! माझ्यावर टॉर्च आला तेव्हा मी घाईघाईने "इंडिया, स्टुडंट" म्हणाले, आणि त्याचा आवाज मऊ झाला. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी तिला कधी सांगितलेलं नाही.

त्या भागाचा, म्हणजे मॅरिकोपा काउंटीचा शेरीफ होता जो अर्पायो. तिकडे शेरीफ निवडून येतो. हा २४ वर्षं येत राहिला. फिनिक्सच्या उन्हाळ्यात कैद्यांना तंबूत ठेवायचा, गुलाबी अंडरवेअर घालायला लावायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्याची माणसं लॅटिनो दिसणाऱ्यांच्या गाड्या अडवायची. प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर २०११ मध्ये न्यायाधीश मरे स्नो यांनी बजावलं, की केवळ बेकायदा राहत असल्याच्या संशयावरून कुणाला डांबून ठेवायचं नाही. अर्पायोच्या खात्याने पुढचं जवळपास दीड वर्ष तेच चालू ठेवलं. म्हणून त्याच्यावर अवमानाचा फौजदारी खटला झाला, आणि ३१ जुलै २०१७ ला त्याला दोषी ठरवणाऱ्या न्यायाधीश होत्या त्याच, बोल्टन. फार तर सहा महिन्यांची कैद झाली असती. ऑक्टोबरमध्ये शिक्षा ठरणार होती. २५ ऑगस्टलाच ट्रम्प यांनी माफी देऊन टाकली.

एरवी तिथे माफीसाठी अर्ज करायचा, तर शिक्षा होऊन किंवा तुरुंगातून सुटून पाच वर्षं उलटावी लागतात, असा न्याय खात्याचा नियम आहे. राष्ट्राध्यक्षांवर तो बंधनकारक नाही. अवमानाच्या गुन्ह्यालाही माफी देता येते, हे तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९२५ मध्येच मान्य केलंय. म्हणजे कायद्याने सगळं ठीकच. मला खुपतं ते वेगळं. चोराला माफ केलं तर एक चोर सुटतो. पण कोर्टाकडे स्वतःची फौज नसते. त्याचा हुकूम पाळायचा आणि पाळायला लावायचा तो वर्दीतल्या माणसांनीच. त्यातल्याच एकाने हुकूम धाब्यावर बसवला आणि वरून त्याची पाठ थोपटली गेली, तर माझ्या मैत्रिणीने दाद मागायची कुणाकडे? त्या रात्री मी तिला मेसेज टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. शेवटी नुसतं "बातमी पाहिली" एवढंच पाठवलं. तिचा अंगठा आला.

अप्पांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, आपल्या माणसामागं उभं राहावंच लागतं. वरून सांगायचं, आणि अडकायचं खालच्यानं."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. २००६ मधलं वर्सोव्याचं लखनभैया एन्काउंटर बनावट होतं, असं कोर्टाने म्हटलं, आणि २०१३ मध्ये २१ जणांना दोषी ठरवलं. त्यातले १३ पोलीस. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने त्यांतल्या ११ पोलिसांची जन्मठेप सहा महिन्यांसाठी स्थगित केली. तेव्हा अप्पा मनापासून खूश होते. तिथे राष्ट्राध्यक्ष नव्हते, सहीही मंत्रालयातली, पण वळण तेच. मी तेव्हा काही बोलले नव्हते. बापाशी कोण वाद घालणार, तेही आयएसडीवर.

या वेळी म्हणाले, "अप्पा, हा खालचा नाही. हाच साहेब."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "मग त्याच्या हाताखालच्या पोरांनी काय शिकायचं?" अप्पांनी विचारलं. मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

२०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती स्थगिती रद्द केली. बातमी अप्पांनीच पाठवली, सोबत एक अक्षर नाही. एरवी ते गुड मॉर्निंगच्या गुलाबाखालीही दोन ओळी लिहितात.

अर्पायोला तेवढ्याने भागलं नव्हतं. दोषी ठरवणारा निकालच पुसून टाका, असं तो मागत राहिला. बोल्टन यांनी खटला बंद केला, पण निकाल पुसला नाही. माफीने शिक्षा टळते, घडलेलं टळत नाही, अशी त्यांची भूमिका. २०२० मध्ये वरच्या कोर्टानेही ती उचलून धरली. त्या वर्षी मी अप्पांना हे सांगितलं.

"म्हणजे नोंद राहिली?"

"राहिली."

"राहायलाच पाहिजे," ते म्हणाले. "स्टेशन डायरीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर खाली नवी नोंद करायची, वरची तशीच ठेवून." मग पाण्याचं बिल यंदा किती आलंय, ते सांगू लागले.