आजार नसताना डॉक्टरकडे

आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जावे, हे आपल्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आजार होऊ नये म्हणून जावे, हे कोणाच्या गावीही नसते. "धडधाकट माणसाने खाडा करून दवाखान्यात कशाला बसायचे?" असे विचारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. हातावर पोट असणाऱ्याचा तो हिशेबच आहे.

परंतु हा हिशेब कधी फार महाग पडतो. आमच्या शेजारचे एक गवंडी वर्षानुवर्षे सर्दी-खोकल्यासाठी एकाच डॉक्टरांकडे जात. सुई घेत, गोळ्या घेत. त्यांचा रक्तदाब मात्र एकदाही मोजला गेला नाही. वयाच्या ४६व्या वर्षी एका पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, काम गेले, मुलीचे कॉलेज सुटले. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर रविवारच्या बैठकीत आम्ही वस्तीतल्या मंडळींना विचारले, "फॅमिली डॉक्टरकडून तुम्हाला काय हवे?" कोणीही मोठे मशीन मागितले नाही. एक आजोबा म्हणाले, "हे खाऊ नका, ते खाऊ नका म्हणतात. रेशनवर मिळते त्यातले काय खाऊ, ते सांगा." एक मावशी म्हणाल्या, "मिसरी लावते म्हणून ओरडतात. सुटावी कशी, ते सांगत नाहीत." तरुण सुनांना आडपडदा हवा होता, तपासायला बाई हवी होती. बहुतेकांना एक भीती होती : एकदा तपासणी सुरू झाली की चिठ्ठ्यांची माळ लागेल. म्हणून तपासणी कशासाठी, खर्च किती आणि काही निघाले तर पुढे काय, हे आधी सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे.

कचेरीत आवक-जावक रजिस्टर ठेवणारे आम्ही. आम्हाला आणखी एक गोष्ट हवीशी वाटते, ती म्हणजे नोंद. फाईलला मागचा कागद असतो, आपल्या शरीराला नसतो. दहा रुपयांची वही करा. प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन, साखर त्यात लिहून घ्या. १४०/९० किंवा त्यावर आकडा आला तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. पण तो दडवूही नका.

खिशाची अडचण असेल तर सरकारी सोय आहे. २०१८ पासून उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आरोग्यवर्धिनी केंद्रे सुरू झाली. २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तेथे तिशीपुढील स्त्री-पुरुषांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची, तसेच स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी मोफत ठरलेली आहे.

बंधू-भगिनींनो, डॉक्टरांपुढे आपण हात जोडून गप्प बसतो. ती सवय सोडू या. "साहेब, पट्टा बांधून बघा," असे म्हणायला पैसे पडत नाहीत. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.