काळे मणी

आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती. आमच्या घरातल्या बायका मंगळसूत्र घालतात हे कळलं की बँकेतले सहकारीसुद्धा चकित व्हायचे. काळे मणी तेच, फक्त वाट्यांच्या जागी सोन्याचा छोटा क्रूस. नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. उपासनेत पेटी-तबला आणि ना. वा. टिळकांची गीतं. यात काही चुकतंय असं आमच्या आजीला जन्मात वाटलं नाही.

नियम मात्र घरात भरपूर होते. दारू नाही, जुगार नाही, रविवारी बाजार नाही. आजोबांनी पाद्रीसाहेबांसमोर दारू सोडली आणि ती सुटली, म्हणून माझे वडील शाळेत गेले, आणि म्हणून मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. तेव्हा नियमांची थट्टा मी करणार नाही. व्हाउचरवर सही नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, यातच माझी हयात गेली. पण तिथंच एक गोष्ट बघितली. इन्स्पेक्शनला येणारे साहेब दोन प्रकारचे असत. एक थकलेलं खातं बघून विचारी, या शेतकऱ्याचं काय झालं? दुसरा फक्त कुठला शिक्का पुसट आहे ते लिहून घेई. या दुसऱ्याचा रिपोर्ट नेहमी जाडजूड असे, आणि तो स्वतःवर खूशही असे.

1994 साली हा दुसरा साहेब आमच्या घरात शिरला. थोरल्या वहिनींना पोटाचा कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. एका प्रार्थना मंडळीची माणसं घरी यायला लागली. खरं ते सांगतो, पहिले दोन महिने त्यांनी जे केलं ते आम्हा नातेवाइकांनाही जमलं नाही. पेज करून आणायचे, रात्री उशाशी बसायचे. मग एके दिवशी त्यांचे प्रमुख, तिशीतले असतील, वहिनींना म्हणाले, "ताई, गळ्यात काळे मणी आहेत तोवर प्रार्थना वर पोचत नाही. ही मूर्तिपूजकांची खूण आहे."

दादा म्हणाला, "अहो, हे मी देवळात, पाद्रीबाबांसमोर घातलंय की." वहिनींनी काही न बोलता मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं.

त्याने दुखणं थांबलं नाही. मग हिरव्या बांगड्या निघाल्या. मग जुनं फोटोंचं आल्बम तपासून झालं, कुठल्या लग्नात कपाळाला हळदकुंकू लागलंय का ते. तरी दुखणं वाढतच गेलं, तेव्हा निदान आलं की विश्वास कमी पडतोय, काहीतरी पाप लपवलेलं आहे.

एका दुपारी वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, मी काय लपवलं असेल हो?" उशीखाली कॅलेंडरचं एक फाडलेलं पान होतं. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात यादी. सासूबाईंना उलट बोलले. रेशनच्या रांगेत मध्ये घुसले. भावाच्या नोकरीचा हेवा वाटला. एकवीस कलमं होती. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं खातं कालवरीवर कधीच चुकतं झालंय. भरून टाकलेल्या कर्जाचे हप्ते कोण मागतो?" त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी यादीत बाविसावं कलम होतं.

ते प्रमुख दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. मयताला आले, रडले, मनापासून प्रार्थना केली. आपलं काही चुकलं असेल ही शंका मात्र त्यांच्या तोंडावर कुठंही दिसली नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. येशूच्या दाखल्यातला परूशीसुद्धा खोटं बोलत नव्हता. तो उपास करत होता, दशांशही देत होता. शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराशी स्वतःची तुलना करण्यात त्याची प्रार्थना खर्च झाली, एवढंच.

निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की हा आजार जुना आहे. आमच्या शेजारच्या गोव्यात इन्क्विझिशन 1560 साली सुरू झालं ते 1812 पर्यंत चाललं. त्यांनी 1736 साली एक फर्मान काढलं. ख्रिस्ती घरात तुळस लावायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बाईने चोळी घालायची नाही, इतकंच काय, भात मिठाशिवाय शिजवायचा नाही. भाताच्या मिठावर लक्ष ठेवायचं तर शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत नाक नेलं पाहिजे. अशानं माणूस देवभक्त होतो की चुगलखोर, ते तुम्हीच ठरवा.

पंडिता रमाबाईंचंही तेच. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे जे वाद झाले, ते पत्रांतून छापलेले आहेत. क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असा रमाबाईंचा हट्ट. लॅटिन त्यांना येत नव्हतं आणि संस्कृतपेक्षा ते जास्त पवित्र का, हे पटतही नव्हतं. त्या शाकाहारी राहिल्या, तर त्यातही अहंकार शोधला गेला, पुडिंगपर्यंत विषय गेला. ज्या बाईने पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, तिच्या ताटात काय आहे यावर तिची श्रद्धा मोजली जात होती!

आणि पार सुरुवातीला बघा. अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंगतीला बसून जेवायचा. यरुशलेमहून कडक मताची माणसं आली तसा तो त्यांच्या भीतीने पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. पंक्तिभेद म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. आमच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज त्याच दुःखातून बाहेर पडून ख्रिस्ती झाले. आणि त्यांच्याच नातवंडांनी पुन्हा पाट वेगळे मांडायचे?

आमच्याकडे ते मोदकावरून झालं. शेजारच्या काकूंकडून गणपतीत दरवर्षी डबा यायचा, नाताळला आमच्याकडून करंज्या जायच्या. मूर्तीपुढचं खावं की नाही याचा विचार पौलानेही केलेला आहे, आणि त्याचा भर दुसऱ्याच्या मनाला ठेच न लावण्यावर आहे. आमच्या घरात तो प्रश्न हळूच सोडवलेला असे. काकू नैवेद्य दाखवायच्या आधी आमचा डबा बाजूला काढत. त्यांनीच ठरवलेलं, आम्ही कधी मागितलं नव्हतं. त्या वर्षी वहिनींनी डबा परत पाठवला. का, ते सांगायचंही त्यांना बळ नव्हतं. काकूंनी डबा घेतला आणि गप्प बसल्या.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी वहिनी गेल्या. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आत भजन चाललं होतं. काकू फाटकापाशी उभ्या. त्या घरातली माझी पुतणी त्यांच्या मांडीवर वाढलेली. पंचवीस वर्षं स्वयंपाकघरातल्या मागच्या दारानं, हाकही न मारता यायच्या त्या. पुतणी बाहेर गेली तसं त्यांनी विचारलं, "पोरी, मी आत आले तर चालेल काय गं?"

पुतणीने हात धरून त्यांना आत नेलं आणि सरळ पेटीपाशी, दादाच्या शेजारी बसवलं. दोघातिघांनी मागे वळून बघितलं. दादाने खिशातून मंगळसूत्र काढलं आणि काकूंना म्हणाला, "घाला तिला. मला हुक लावता येत नाही."