पानांआधी फूल

मानपाड्याला घोडबंदर रस्त्यावरून आत वळलं की टॉवर मागे पडतात आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. मार्चमध्ये इथे सगळ्यांच्या माना वर. पळस, पांगारा, काटेसावर. वसंत म्हणजे झाडावरचा लाल रंग, असा आपला समज. पायाशी तापलेल्या मुरमातून एक उघडी काठी वर आलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. पान एकही नाही. काठीवर मातकट पांढऱ्या, घंटेसारख्या लोंबत्या कळ्या. त्या उमलतात अंधार पडल्यावर, म्हणजे आपण घरी परतल्यावर.

हा कोळकांदा, रानकांदाही म्हणतात. रॉक्सबर्गने त्याला सिला इंडिका म्हटलं, मग तो अर्जिनिया झाला, आता ड्रिमिया इंडिका. पानं येतात पावसात. चार महिने ती जे कमावतात ते कांद्यात साठतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नसताना त्याच पुंजीवर फुलोरा उभा राहतो. फळं तडकली की काळ्या, चपट्या, पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जातात. पाऊस आला की रुजतात. हिशेब चोख आहे.

एवढी पुंजी जमिनीत ठेवायची तर राखणही हवी. कांदा विषारी असतो. त्यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात: ठोके संथ आणि जोरकस होतात, मात्रा वाढली तर ताल बिघडून माणूस दगावतो. डिजिटॅलिस या युरोपातल्या वनस्पतीचा गुणही हाच. विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. डिगॉक्सिनची गोळी डिजिटॅलिसपासूनच मिळते. दोन्ही वनस्पतींचं नात्यात काही नाही, विष मात्र एकाच जातीचं.

ही गोळी माझे बाबा रोज घेतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा खोकला हटेना, तेव्हा शहापूरकडच्या एका स्नेह्यांनी प्रेमाने कोळकांदा आणून दिला. खोकल्यावर तो जुना उपाय आहे, त्यात खोटं काही नाही. पण गोळीवर कांदा म्हणजे एकाच औषधाची दुप्पट मात्रा, तीही न मोजलेली. मी तो हातातून काढून घेतला.

"एवढासा तर आहे," बाबा म्हणाले.

"गोळी केवढी असते?"

ते गप्प बसले. पण टाकूही देईनात. शेवटी गॅलरीतल्या कुंडीत पुरला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पट्ट्यासारखी पानं आली, दिवाळीनंतर पिवळी पडून गेली. आता कुंडीत नुसती माती दिसते. बाबा रोज सकाळी तिच्याकडे बघतात आणि पाणी घालू का विचारतात. मी नको म्हणते.