लांदचे गायरान

तीर्थस्वरूप काका,

मी सध्या राहतो त्या लांद जिल्ह्याची जमीन कोणत्या प्रतीची आणि तेथील रयत कशी, अशी पृच्छा आपण केलीत. आपली उभी हयात मामलेदार कचेरीत जमाबंदीची दफ्तरे पाहण्यात गेली असल्यामुळे या मुलखाची हकिगत मी आपणांस जमिनीच्या अंगानेच सांगतो. आणि खरे सांगायचे तर तिचे सारे मर्म जमिनीतच आहे.

राज्यक्रांतीनंतर १७९० साली फ्रान्सचे जुने प्रांत मोडून जे जिल्हे आखले गेले त्यांपैकी हा एक. क्षेत्रफळ नऊ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, मुख्य ठाणे मों-द-मार्सां, पश्चिमेस अटलांटिकचा सरळसोट वालुकामय किनारा. दक्षिण भागातून वाहणाऱ्या आदूर नदीपलीकडे शालोस नावाचा टेकड्यांचा सुपीक भाग आहे, तेथे मका पिकतो आणि बदके पोसली जातात. नदीकाठच्या दाक्स गावी गरम पाण्याचे झरे रोमन काळापासून प्रसिद्ध आहेत, आणि त्याच्याच शेजारच्या खेड्यात दीनांचा कैवारी म्हणून पुढे संतपदास पोहोचलेल्या व्हँसां द पोल याने बालपणी बापाची मेंढरे राखली. परंतु नदीच्या उत्तरेस जो अफाट सपाट प्रदेश पसरला आहे, त्याविषयीच मला लिहावयाचे आहे.

आज तेथे मैलोगणती पाइनचे अरण्य आहे. रांगेने उभी असलेली ती एकजात झाडे पाहून परक्या प्रवाशास वाटते की हे वन अनादि असावे. वास्तविक ते मनुष्याने लावलेले आहे, आणि शेजारच्या जिल्ह्यांतील भाग धरून त्याचा विस्तार सुमारे दहा लाख हेक्टर भरतो. दीड-दोनशे वर्षांपूर्वी येथे उघडी माळराने होती. वरवर वाळू, आणि हात-दोन हात खाली लोहांशाने घट्ट झालेला, पाणी न मुरू देणारा कठीण थर. त्यामुळे हिवाळ्यात सारा मुलूख जलमय, उन्हाळ्यात करपून कोरडा. अशा भूमीवर मेंढपाळ पायांना उंच गेड्या बांधून, अंगावर मेंढीचे कातडे पांघरून आणि तिसऱ्या लांब काठीवर टेकून कळपावर नजर ठेवीत असत, व उभ्याउभ्याच लोकरीचे मोजे विणीत असत. चित्रकारांनी आणि प्रवाशांनी या गेड्यांचे एवढे कौतुक केले की ती मेंढरे कशासाठी होती हा प्रश्न मागेच पडला.

ती मुख्यतः लेंडीखतासाठी होती. घरालगतच्या चिमुकल्या शेतांत राय आणि राळा पिकायचा तो या खताच्या बळावर. एका शेताला खत पुरवायचे तर त्याच्या कितीतरी पट माळ चराईस मोकळा हवा. तो माळ गावाच्या सामाईक वहिवाटीचा होता. काका, आपण ज्याला गायरान म्हणाल तेच हे, आणि त्याच्याविना शेतही नाही व भाकरीही नाही अशी त्याची योग्यता होती. पॅरिसहून आलेल्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीला मात्र ही सारी भूमी पडीक दिसली. जेथे नांगर फिरत नाही तेथे कोणाचे पोटही भरत नाही, असा दफ्तरी समज साऱ्या जगात दृढमूल असावा.

अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर आत सरकून शेते गिळीत, म्हणून ब्रेमोंतिए या अभियंत्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे गवत आणि पाइनचे बी लावून वाळू स्थिर करण्याचे काम हाती घेतले, ते थोरच होते. पुढे शांब्रलां या दुसऱ्या अभियंत्याने आतील माळावर चर खणून पाण्याचा निचरा होतो व झाडे वाढतात हे स्वखर्चाने दाखवून दिले. हिवतापाने आणि पेलाग्राच्या व्याधीने गांजलेल्या त्या लोकांना कोरडी जमीन हवीच होती. पण १९ जून १८५७ रोजी, आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला होता त्याच दिवसांत, तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने कायदा केला की गावांनी आपली सामाईक जमीन निचरा करून लागवडीस आणावी, न जमल्यास सरकार ते काम करील आणि खर्च उत्पन्नातून वसूल करून घेईल. शिवाय खर्चासाठी गावांना या जमिनीचा काही भाग विकण्याची मुभा दिली. गावे गरीब, तेव्हा लिलाव झाले, आणि कालांतराने गायरानाचा फार मोठा हिस्सा खासगी मालकांच्या हाती गेला. बादशहाने स्वतःही हजारो हेक्टर घेऊन सोलफेरिनो नावाचे नमुनेदार गाव वसविले.

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तिकडून येणारी पाइनची राळ बंद झाली आणि येथील राळेचे भाव कडाडले. झाडांचे मालक गबर झाले. मेंढपाळाचा कळप मात्र चराईअभावी आटत गेला, आणि त्याचा मुलगा वा नातू हाती कुऱ्हाड घेऊन पाइनच्या खोडास खाचा पाडू लागला. त्या खाचांतून झरणारी राळ मातीच्या कुंड्यांत गोळा करायची आणि मालकाशी वाटेकरी म्हणून उत्पन्न वाटून घ्यायचे, हे त्याचे नवे जिणे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०६ नंतरच्या काळात, या राळ काढणाऱ्यांनी आपला वाटा वाढवून मागण्यासाठी जे संप केले, त्यांची हकिगत वाचताना मला वारंवार वाटले की ज्यांच्या आजोबांचा माळावर हक्क होता, तेच आता त्याच माळावर वाट्यासाठी भांडत होते.

या सर्व स्थित्यंतराचा साक्षी म्हणून एका पुरुषाविषयी मला विलक्षण आदर वाटतो. लाबुएर गावचा फेलिक्स आर्नोदँ (१८४४ ते १९२१) आयुष्यभर पायी आणि सायकलवर हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गॅस्कन भाषेतील कहाण्या व गाणी उतरवून घेत असे, आणि अवजड कॅमेरा वाहून नेऊन मोकळे माळ, मेंढवाडे आणि माणसे यांची छायाचित्रे काढीत असे. गावकरी त्याला खुळा म्हणत. ज्या अरण्याने इतरांस संपत्ती दिली, त्याच्या वाढत्या काळोखाने आपले क्षितिज झाकले जात आहे हे दुःख त्याने कधी लपविले नाही. सरकारी अहवालांत जी भूमी केवळ रिकामी आहे, तिच्यावर किती गाणी, किती वाटा आणि किती माणसे होती, याचा पुरावा त्याच्या संग्रहाने राखला. त्याच्यावाचून मला या पत्रातील अर्धेअधिक मजकूर सुचलाच नसता.

एक गोष्ट आपणांस विशेष वाटेल. १८६७ पासून काही वर्षे हिंदुस्थानच्या जंगलखात्यासाठी निवडलेले इंग्रज तरुण याच देशात, नान्सीच्या वनविद्यालयात, शिक्षणासाठी येत असत. आपल्या तालुक्यातील धनगरांना राखीव जंगलाच्या हद्दीवर ज्या खात्याशी झगडावे लागे, त्याच्या जुन्या अधिकाऱ्यांपैकी कित्येकांची विद्या अशी फ्रान्सची होती. आपल्या स्मरणात असे एखादे गायरान असेल, ज्याची नोंद पडीक म्हणून झाली आणि ज्यावर प्रत्यक्षात एखादी वस्ती जगत होती, तर त्याचा सर्व्हे नंबर, चराईचा रिवाज आणि पुढे ते कोणाकडे गेले हे सविस्तर लिहून कळवावे. येथल्या गावांचे जुने कागद मी वाचीत आहे. ते आपल्या हकिगतीशेजारी ठेवून पाहावेत अशी फार इच्छा आहे.

 

आपला आज्ञाधारक पुतण्या