चार बोटं जागा

२०२४ च्या गणपतीनंतरचे सलग तीन शनिवार मी लालबागच्या एका गॅरेजात गाडीखाली आडवा पडून काढले. सोमवारी ऑफिसात हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहायचंच. आणि हे कशासाठी, तर गाडीला ३९ मिलिमीटरने मोठे टायर घातले म्हणून.

ज्यांना थारवर मोठे टायर चढवायचेत त्यांनी हे वाचावं. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, टेस्टिंगची होती. आणि ती चूक आपल्या धंद्यात सगळेच करतात.

तर गाडी म्हणजे महिंद्राची थार, ऑक्टोबर २०२० मध्ये आली ती नवीन वाली. आता परळमध्ये राहणाऱ्याला थार कशाला, हा प्रश्न मला आईपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. माझं उत्तर ठरलेलं : हिंदमाता! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री बाबा छातीभर पाण्यातून चालत घरी आले होते. तेव्हापासून उंच गाडी ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे... असं मी बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

खरं सांगायचं तर गरजेपुरतं कंपनीनेच दिलेलं होतं. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता. पण शनिवारी रात्री यूट्यूबवर लोकांच्या गाड्या बघत बसलं की आपली गाडी हळूहळू बारकी दिसायला लागते. मग एका दुकानात गेलो. मूळ टायर २५५/६५ आर १८. त्यातला २५५ हा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १८ हा रिमचा व्यास, इंचांत. गुणाकार-बेरीज केली की टायरचा पूर्ण व्यास येतो ७८९ मिलिमीटर. मी पसंत केले २८५/६५ आर १८, व्यास ८२८. दुकानदार म्हणाला, रुंद टायरला रुंद रिम लागेल. म्हणजे नवीन अलॉय. आणि टायर घासू नये म्हणून स्प्रिंगला स्पेसर टाकून गाडी दोन इंच लिफ्ट.

गाडी तयार झाल्यावर त्याने टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालून दाखवला. "साहेब, चार बोटं जागा आहे. घासणार काय, हवा?"

मीही चार बोटं घालून बघितली. खरंच जागा होती. दीड लाख देऊन गाडी घेऊन आलो.

आठवडाभर परळ, दादर, वरळी असा फिरलो. लालबागच्या पुलावरून गेलो, पुलाखालून गेलो. कुठेही आवाज नाही. एकच अडचण झाली, आईला चढता येईना. तिचे गुडघे गेलेत. आधी एका हाताने दार धरून ती बसायची, आता प्लास्टिकचं स्टूल लागायला लागलं. ते स्टूल मी गाडीतच ठेवून दिलं. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर हात फिरवला आणि काहीही न बोलता वर गेले. बाबा गप्प राहिले की समजायचं, काहीतरी आहे. पण मी समजून घेतलं नाही.

गणपतीला गावी निघालो. बायको कोकणकन्येने पुढे गेली होती. गाडीत मी, शेजारी आई, मागच्या सीटवर बाबा आणि त्यांच्या आजूबाजूला मखराचं सामान, पिठाच्या पिशव्या, नारळ आणि दोन बॅगा. मुंबई-गोवा हायवेची अवस्था मी नव्याने सांगायला नको. माणगावच्या पुढे एका डायव्हर्जनला समोरून एसटी आली, मी स्टिअरिंग डावीकडे मारलं आणि त्याच क्षणी पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं.

खर्रर्र. मग एक धाड.

बाजूला घेऊन उतरलो. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक फाटून लोंबत होतं. त्याच्या मागची पत्र्याची कड उघडी पडली होती आणि त्या कडेने टायरची भिंत बोटभर चिरली होती. आतले धागे दिसत होते. हवा अजून होती. पण पुढे उतार होते, वळणं होती, आणि त्या चाकाच्या बरोब्बर वर आई बसलेली होती. त्या क्षणी पोटात जे झालं ते मला इथे नीट लिहिता येणार नाही.

आता स्टेपनी. पैसे वाचवायला मी टायर चारच घेतले होते. मागच्या दारावर जुना ७८९ चा टायर तसाच. तो पुढे लावला. एका बाजूला ८२८, दुसऱ्या बाजूला ७८९. डॅशबोर्डवर दिवे लागले, गाडी एका बाजूला ओढायला लागली आणि महाडपर्यंत मी चाळीसच्या वर गेलो नाही. आई वरचं हँडल धरून बसली होती. एक अक्षर बोलली नाही. महाडला चहा घेताना बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"रिकामी गाडी फिरवून बघितली होतीस ना?"

बास. एवढंच.

बाबा गिरणीत साचे खात्यात फिटर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पुढे आयुष्यभर छोट्या वर्कशॉपमधून काम केलं. मुंबईला परत आल्यावर ते स्वतःहून म्हणाले, चल, बघू. गॅरेजात आले ते खिशात खडू घेऊन. त्यांचं म्हणणं असं : "उभ्या साच्याचं माप घेऊन काय उपयोग? दुरुस्ती झाली की आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा. कुठे लागतंय ते त्या फेऱ्यात कळतं. मग पॉवर द्यायची."

मी बारा वर्षं कोड लिहितोय. माझ्या मशीनवर चालतंय, म्हणजे चालतंय, असं म्हणणाऱ्या ज्युनियर पोरांना मीच झापतो. आणि स्वतः? समतल रस्ता, सरळ चाक, रिकामी गाडी, चार बोटं.

मग आम्ही फेरा फिरवला. टायरच्या कडांना आणि खांद्याला जाड खडू फासला. मेकॅनिकने पुढचं एक चाक उताराच्या फळीवर चढवलं, त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाकही उचललं, म्हणजे त्या दोन स्प्रिंगा दबल्या. मागे वाळूच्या गोणी टाकल्या. गाडी बंद नाही, चालू, पण मुंगीच्या चालीने. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुढे आणि रिव्हर्समध्येसुद्धा. मग बॅटरी घेऊन खाली आडवं पडायचं आणि खडू कुठे पुसलाय, कुठे उमटलाय ते बघायचं.

तीन जागा सापडल्या, आणि तिन्हींची कारणं वेगळी.

पहिली, पुढच्या बंपरचा खालचा कोपरा. ही अलॉयची करामत. टायर ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना १५-१५. नव्या रिमचा ऑफसेट २० ने कमी, म्हणजे अख्खं चाक २० बाहेर. आतल्या बाजूला ५ मिलिमीटर जागा वाढली. छान! पण बाहेर ३५ ने चाक पुढे आलं. चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिच्यापासून टायर जितका लांब, तितका तो वळताना मोठा गोल काढतो, आणि त्या गोलात बंपर येतो. एक बग सोडवला की दुसरा तयार, तशातला प्रकार.

दुसरी, पत्र्याची ती कड. चाक वळलेलं आणि दबलेलं, दोन्ही एकदमच असेल तेव्हाच लागते. माणगावला नेमकं तेच झालं होतं.

तिसरी, मागच्या मडगार्डचं छप्पर. इथे मला सगळ्यात जास्त धक्का बसला, कारण माझी समजूत होती की लिफ्ट केली म्हणजे वर जागा झालीच. लिफ्टने बॉडी वर जाते ती गाडी उभी असताना. पण मोठा खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि चाक वर जात राहतं. त्याला थांबवतो तो बंप-स्टॉप, म्हणजे रबराचा ठोकळा. माझ्या मागच्या स्प्रिंगला स्पेसर लागला होता, ठोकळा जुनाच होता. म्हणजे चाक आधी जिथपर्यंत वर जात होतं तिथपर्यंतच आताही जाणार, फक्त टायर आता जवळजवळ २० मिलिमीटर उंच. ती चार बोटं होती, पण ती उभ्या गाडीची होती.

आणि गंमत म्हणजे मागच्या अॅक्सलचा मधला गोळा, जो दगडाला आधी लागतो, तो लिफ्टने वर जातच नाही. तो जातो फक्त टायरच्या त्रिज्येच्या फरकाने. दीड लाखात मला तिथे मिळाले साडेएकोणीस मिलिमीटर.

उपाय तिन्हींवर आहेत, मेकॅनिकने सांगितलेही. प्लास्टिक तापवून मागे दाबायचं किंवा कापायचं. पत्र्याची कड ठोकून आडवी करायची आणि गंजू नये म्हणून रंगवायची. स्टिअरिंगच्या स्टॉपला जाडी द्यायची. बंप-स्टॉप उंच करायचा. मग अलाइनमेंट नव्याने. हे सगळं नीट केलं तर घासत नाही. पण प्रत्येक उपाय काहीतरी काढून घेतो. स्टॉपला जाडी दिली की चाक कमी वळतं आणि आमच्या गल्लीतून एका झटक्यात निघणारी गाडी तीनदा मागेपुढे करावी लागते. बंप-स्टॉप उंच केला की स्प्रिंगची चाल कमी होते, खड्डे कमरेला जाणवतात. शिवाय मीटर पाच टक्के कमी दाखवतो : जिथे आधी ८० असता तिथे आता ८४.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्हीही. हे मला आधी माहीत होतं का? हो, होतं. सगळे करतात म्हणून मीही केलं.

तिसऱ्या शनिवारी मेकॅनिकने विचारलं, "मग, कापू का पत्रा?" मी बाबांकडे बघितलं. ते खडू पुसत होते. म्हणाले, "तुझी गाडी आहे. मला विचारशील तर आधी ठरव, गाडीत बसणार कोण."

बाबांच्या तरुणपणी या भागात विलीज जीप पुष्कळ दिसायच्या. सुटे भाग आणून त्या जोडायचं काम स्वातंत्र्यानंतर इथेच, माझगावात सुरू झालं होतं. त्यांचे टायर जेमतेम सहा इंच रुंद. "अंगाने बारीक होत्या, पण कुठे अडत नव्हत्या," बाबा म्हणाले. मला उगाच वाटलं की हे टायरबद्दल नाहीये :-)

स्पेसर काढले. अलॉय आणि उरलेले तीन टायर ओळखीतल्या एकाला विकले, निम्म्या किमतीत. देताना त्याला खडूची ती तिन्ही ठिकाणं दाखवली आणि रिकाम्या गाडीवर विश्वास ठेवू नकोस असं बजावून सांगितलं. तो हसला, चार बोटं घालून म्हणाला, जागा तर आहे की! जाऊ दे. मी २५५/६५ मध्येच जरा जाड नक्षीचे टायर घेतले, या खेपेला पाच. ते बसवल्यावर बाबांनी पुन्हा खडू फासायला लावला, पुन्हा गोणी, पुन्हा फळी, पुन्हा पूर्ण फेरा. कुठेच पुसला नाही.

घरी आल्यावर आई खाली आली, दार धरलं आणि बसून बघितलं. बसली. मग म्हणाली, ते माझं मोरीतलं स्टूल आधी आण, महिना झाला शोधतेय.